आठ नंबरची खिडकी

"ह्ये माझं नाव हाय?" शेवंताने विचारलं.

मी पडद्यावर बोट ठेवलं होतं. बोटाखाली इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्येच एखादं बेरजेचं किंवा तिरक्या रेघेचं चिन्ह, अशी पन्नासेक खुणांची सलग ओळ होती.

"हो. हे तुमचं नाव. त्याच्या शेजारी आहे ते गाव. आणि हा फोन नंबर."

ती खुर्चीतून थोडी पुढे वाकली. हातातली कापडी पिशवी तिने गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवली होती.

"मला इंग्रजी येत न्हाई."

"हे इंग्रजी नाही, बाई. हे कुणालाच वाचता येत नाही."

"तुमाला?"

"मलाही नाही."

"मग ल्ह्यायचं तरी कशापायी?"

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या गायकवाडताई खुदकन हसल्या. "द्या उत्तर, सर. आठवडाभर मला समजावताय, आता हिला समजवा."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. कोल्हापुरातल्या आमच्या चार माणसांच्या कंपनीकडे या रुग्णालयाचं काम आलं होतं. तालुक्याच्या गावातलं, एका विश्वस्त संस्थेने चालवलेलं ते जुनं रुग्णालय. तिथे एचआयव्हीबाधितांना दर महिन्याला औषधं मिळत. आसपासच्या साठ-सत्तर खेड्यांतली साडेपाचशे माणसं तिथे येत, आणि त्यांच्या नोंदी तोवर जाड वह्यांत होत्या. प्रमिला गायकवाड तिथल्या समुपदेशक. पंचावन्नच्या पुढच्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, अकरा वर्षं त्या एकाच खोलीत बसून माणसांना धीर देणाऱ्या.

मी शेवंताला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. "ताई तुमचं नाव संगणकात लिहितील तेव्हा ते तुमचंच नाव असेल. पण आत साठवलं जाताना त्याची ही अशी अक्षरं होतात. उद्या कुणी हा संगणक उचलून नेला, विकला, दुरुस्तीला टाकला, तरी त्याला एवढंच सापडेल. नाव परत वाचायला एक किल्ली लागते. ती या यंत्रात नाही, दुसरीकडे ठेवली आहे."

"मग ताईस्नी कसं दिसंल?"

"ताईंनी त्यांचा परवलीचा शब्द टाकून पान उघडलं की नाव आपोआप नीट दिसतं. ताईंना काहीच वेगळं करावं लागत नाही. इथल्या कुणालाच नाही. सगळ्यांनी आजवर जसं काम केलं तसंच करायचं."

या शेवटच्या वाक्याचा मला अभिमान होता. सुरक्षिततेसाठी माणसांना राबवणाऱ्या व्यवस्था मी पाहिल्या होत्या. लोक चार दिवसांत त्यांना कंटाळतात आणि परवलीचे शब्द कागदावर लिहून भिंतीला चिकटवतात. माझी व्यवस्था कुणाला जाणवणारसुद्धा नव्हती. संस्थेच्या बैठकीतही मी हेच सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी मान डोलावली होती.

"कोण कोण बघणार?" शेवंताने विचारलं.

"चौघं. डॉक्टर, ताई, रक्त तपासणारे आणि औषधाच्या खिडकीवरचे कोष्टीमामा. बस."

"चौघं आपलीच हायती म्हना." ती थांबली. "सर, मी शाळंत खिचडी शिजवती. देवखडीच्या. एकशेचाळीस पोरं जेवत्यात माझ्या हातचं. माझी सोनी सातवीत हाय, ती बी त्यांच्यातच बसती. गावात ह्यातला शबूद जरी गेला, तर दुसऱ्या दिवशी पातेल्याला हात लावू द्यायचं न्हाईत मला."

"जाणार नाही," मी म्हणालो.

तिने ताईंकडे पाहिलं. ताई चष्मा पुसत होत्या.

तिचं खरं नाव मागण्यामागे कारण होतं. वह्यांत बहुतेकांनी खोटी नावं दिलेली होती, आणि खोटं नाव घ्यायची वेळ आली की माणसं फारशी कल्पकता दाखवत नाहीत. साडेपाचशेंत नऊ सुनीता जाधव होत्या. लता पवार तीन होत्या. तिघींचंही गाव मुंबई. कोण कोणती लता, हे फक्त ताईंना ठाऊक होतं. दिवाळीत ताई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या आणि एका लताची औषधं दुसऱ्या लताला, म्हणजे शेवंताला, गेली. ज्या गोळीने रक्त कमी होतं म्हणून डॉक्टरांनी शेवंताची गोळी बदलली होती, तीच तिने दोन महिने खाल्ली. शाळेच्या चुलीपाशी चक्कर येऊन पडली तेव्हा तिच्या अंगात जेमतेम निम्मं रक्त उरलं होतं.

"खोट्या नावानं ही मेली असती," डॉक्टर मला म्हणाले होते. "तुमच्या त्या यंत्रात काहीही करा, पण मला खरी नावं हवीत."

शेवंताने पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"घ्या ल्ह्यून, ताई."

ताईंनी एकेक कळ शोधत नाव टंकलं. तिच्या मागोमाग पुढच्या तीन आठवड्यांत तीनशे माणसांनी खरी नावं दिली. प्रत्येकाला मी ती अक्षरांची ओळ दाखवली. शेवंता ज्यांना ओळखत होती अशा दोघी-तिघींना ती स्वतःच घेऊन आली. "बघा, सरास्नी बी वाचता येत न्हाई," ती त्यांना सांगायची.

नवी व्यवस्था सुरू झाली तो मंगळवार होता. मंगळवारी तालुक्याचा बाजार. बाजाराचं निमित्त सांगून घरून निघता येतं, म्हणून औषधाला येणाऱ्या बायका मंगळवारच धरत. रुग्णालयाला एकच लांब व्हरांडा होता. त्यात ओळीने खिडक्या: केसपेपरची एक नंबरची, मग रक्ताची, लसीची, क्ष-किरणाची सात नंबरची आणि टोकाला आठ. औषधाला येणाऱ्या माणसांना वेगळं बसवलं तर ती उठून दिसतील, म्हणून संस्थेने मुद्दाम सगळ्यांना एकाच व्हरांड्यात ठेवलं होतं. पण आठ नंबरची खिडकी कशाची, हे तालुक्यात एव्हाना न सांगता कळलेलं होतं. तिथे येणारी माणसं दुसऱ्याच कुठल्या खिडकीसमोर आल्यासारखी बसत, आणि नाव पुकारलं की पटकन उठून औषध घेत.

आठ नंबरवर कोष्टीमामा होते. एका कानाने कमी ऐकू येणारा, तीस वर्षं औषधं देणारा माणूस. आजवर आपल्या हातून चुकीची पुडी गेली नाही, असं ते सांगत. दिवाळीतल्या चुकीच्या वेळी ते रजेवर होते, हेही न विसरता सांगत. त्यांची रीत पक्की होती. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव, चारही पुकारायची. माणूस समोर आला की पुन्हा विचारायचं आणि मगच पिशवी सोडायची.

"सर, तुमचं यंत्र झ्याक हाय, पण अक्षर मुंगीएवढं," ते सकाळीच म्हणाले. "म्हाताऱ्यानं काय दुर्बीण आणायची?"

"थांबा, मामा." मी दहा मिनिटांत त्यांच्या पानावरचं नाव आणि गाव तिप्पट मोठं करून दिलं.

"आता कसं! आता दारातनं बी वाचीन."

मी त्यांच्या पाठीमागे, औषधांच्या कपाटाला टेकून उभा होतो. माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर होतं. नोंद आतून निघून, उलगडून, पडद्यावर यायला किती वेळ लागतो ते मी तपासत होतो. पाव सेकंदाच्या आत नाव येत होतं.

पहिल्या दोघी अजून जुन्याच नावांवर होत्या. "सुनीता जाधव, पुणे!" मामांनी पुकारलं, आणि एक बाई येऊन पिशवी घेऊन गेली. मग तिसरी नोंद उघडली.

कोष्टीमामांनी पुकारलेलं नाव मी इथे लिहीत नाही. शेवंता बाबर हे मी तिला या लेखनापुरतं दिलेलं नाव आहे, आणि देवखडी नावाचं गाव त्या तालुक्यात शोधू नये. पण त्या सकाळी त्यांनी चारही गोष्टी, सवयीप्रमाणे, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतील अशा आवाजात पुकारल्या.

"शेवंता महादेव बाबर! देवखडी!"

कुणी आलं नाही.

"शेवंता महादेव बाबर!" आता आवाज आणखी चढला. "देवखडी! हायती का बाई?"

मामा माझ्याकडे वळले. "गेली वाटतं बाजारात."

"नाही, मामा. मघाशी आलेलं पाहिलं मी त्यांना." मी कपाटापासून निघालो आणि बाजूच्या दाराने व्हरांड्यात आलो.

ती सात आणि आठच्या मधल्या बाकावर बसली होती. पदर कपाळावरून पुढे ओढलेला, मान खाली, दोन्ही हात पिशवीवर. मला वाटलं, गर्दीत तिला ऐकू आलं नाही. किंवा इतकी वर्षं लता म्हणून हाक ऐकल्यावर स्वतःचं नाव आपलं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मला त्याचं थोडं हसूही आलं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शेवंताबाई," मी म्हणालो, "तुमचंच नाव पुकारतायत. चला, उठा."

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं, हे मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मी पाहिलं नाही. ती उठली. तिच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला, मनगटाला प्लास्टर घातलेली एक वयस्क बाई क्ष-किरणाची वाट बघत बसली होती. ती वळली.

"अगं बया! सोनीची आई न्हवं तू?" त्या बाईच्या आवाजात गावचं माणूस भेटल्याचा आनंदच होता. "मी मघाधरनं बघतीया, ही पदरात तोंड घालून कोण बसलीया. हितं काय करतीस?"

"डोकं दुखतंय, काकी," शेवंता म्हणाली.

त्या बाईने खिडकीवरच्या आकड्याकडे पाहिलं. मग शेवंताकडे. प्लास्टरचा हात तिने दुसऱ्या हाताने हळूच उचलून आपल्या बाजूला घेतला.

"नाव?" मामांनी खिडकीतून विचारलं.

शेवंताने नाव सांगितलं. मामांनी पिशवी दिली. मी आत येऊन पुन्हा कोपऱ्यातले आकडे बघू लागलो.

पाच आठवड्यांनी पुण्याहून लिमये नावाचे तज्ज्ञ तपासणीला आले. संस्थेनेच त्यांना बोलावलं होतं. सगळ्या नोंदींची एक प्रत त्यांच्या हवाली केली. एखाद्या चोराला सापडावी तशी, किल्लीशिवाय. दोन दिवस ते ती उकलायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी अहवाल वाचून दाखवला. एकही नाव, एकही गाव, एकही फोन नंबर त्यांना मिळवता आला नव्हता. व्यवस्था सुरू झाल्यापासून माहिती उघड झाल्याची एकही घटना घडलेली नाही, असं शेवटी लिहिलं होतं. खाली माझी सही हवी होती. मी केली.

"इतकं स्वच्छ काम तालुक्याच्या ठिकाणी मी पाहिलं नाही," लिमये माझा हात हातात घेऊन म्हणाले.

त्यांची गाडी गेल्यावर गायकवाडताईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"शेवंता या महिन्यात आली नाही," त्या म्हणाल्या.

"आजारी आहे का?"

"सर, त्या मंगळवारी खिडकीवर काय झालं, ते तुम्हाला खरंच कळलं नाही?"

मला खरंच कळलं नव्हतं.

"ती प्लास्टरवाली बाई देवखडीच्या शाळा समितीच्या अध्यक्षाची बायको. संध्याकाळच्या गाडीनं ती गावात पोहोचली. सकाळी एकशेचाळीसमधल्या अकरा पोरांनी ताट पुढे केलं. शनिवारी एकानंही नाही. हेडमास्तर चांगला माणूस आहे. तो म्हणाला, बाई, थोडे दिवस विश्रांती घ्या."

"पण नोंदीतून काहीच गेलं नाही, ताई. आत्ताच लिमये..."

"नोंदीतून नाही गेलं. खिडकीतून गेलं."

"मग कोष्टीमामांनी तरी..."

"मामांचं नाव घेऊ नका." अकरा वर्षांत कुणावर आवाज चढवला नसेल अशी ती बाई एकदम कठोर झाली. "मामा तीस वर्षं नाव आणि गाव पुकारतायत. आजवर ते लता पवार, मुंबई असं पुकारायचे, आणि कुणाला काय कळायचं? खोटं नाव होतं ना, ते पुकारण्यासाठीच होतं. तुम्ही त्या जागी खरं आणून ठेवलंत. आणि सगळ्यांना सांगितलंत, कुणी काही बदलायचं नाही. मीही मान डोलावली. मला अकरा वर्षांत हे सुचायला हवं होतं."

बाहेर मामांचा आवाज येत होता. कुणाचं तरी नाव. गाव.

मी त्याच क्षणी उठलो आणि खिडकीवरचं पान बंद केलं. पुकारण्यासाठी फक्त दिवसाचा क्रमांक दिसेल, आणि माणूस समोर आल्यावर नाव हळू आवाजात पडताळता येईल, अशी सोय मी केली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मामांना कारण सांगितलं.

"मला सांगायचं की, सर," ते म्हणाले. "मी हळू बोललो असतो."

शेवंताला भेटायला देवखडीला जाऊ, असं मी ताईंना म्हणालो. त्यांनी नकार दिला. रुग्णालयाची गाडी तिच्या दारात उभी राहिली तर उरलासुरला संशयही फिटेल, त्या म्हणाल्या. त्यांनी कुणाकरवी तरी निरोप धाडला, आणि पुढच्या मंगळवारी भर दुपारी तालुक्याच्या बसस्थानकावर, रसवंतीच्या मागच्या बाजूला, ती आम्हाला भेटली. बाजाराची गर्दी होती. तिच्याजवळ या वेळी कापडी पिशवीऐवजी पत्र्याची पेटी होती.

ताईंनी तीन महिन्यांची औषधं आणली होती. असं देणं नियमात बसत नव्हतं. शेवंताने पुड्या घेतल्या, प्रत्येकीवरची नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि त्या पेटीत साडीखाली ठेवल्या.

"पेटी कशाला?" ताईंनी विचारलं.

"सासू म्हनली, पोरीला ठेवून घेती. शाळा बी शिकवती. पन तू हितं नगं. तू हितं ऱ्हायलीस तर पोरीला कोन जवळ घ्यायचं न्हाई." ती हे एखादा ठराव वाचून दाखवावा तसं बोलली. "तिचं बी खरंच हाय."

"भावाकडे जाणार?"

"त्येला बी कळलंय."

"मग?"

तिने पेटीची कडी लावली.

मी बोलायचं ठरवून आलो होतो. "शेवंताबाई, माझी चूक झाली. मी तुम्हाला शब्द दिला होता. खिडकीवर नाव मोठ्याने पुकारतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. आपण काय बोलतो आहोत ते या माणसाला समजेल का, हे जोखत असावी तसं.

"नाव पुकारलं त्येचं काय न्हाई, सर," ती म्हणाली. "अर्धं गाव बाबर हाय आमचं. शेवंता म्हून मला गावात कोन वळखत बी न्हाई. सोनीची आई म्हनत्यात समदी. काकीनं नाव ऐकलं, तवा ती इकडंतिकडं बघाय लागली. म्या पदर खाली घेतला. म्हनलं, हलायचं न्हाई. मामा तीनदा पुकारतील, मग दुसरं नाव घेतील. काकी आत फोटूला गेली की मग जाऊ. तिनं मला वळखलं नव्हतं, सर." ती थांबली. "मग तुमी आलासा."

रसवंतीचा घुंगरू वाजत होता. ताईंनी माझ्या दंडाला हात लावला, पण मला तो धीर द्यायला होता की गप्प बसवायला, हे कळलं नाही.

"तुमी चांगल्यासाठीच केलंसा," शेवंता म्हणाली. "त्ये ठावं हाय मला. एक काम कराल?"

"सांगा."

"माझ्या नावाखाली ताईंनी सोनीचं बी नाव ल्ह्यलंय. तिचं रगत तपासलं तवा. तिच्यात काय निघालं न्हाई, पन नाव हाय तितं. त्ये काढून टाका."

नियमाने ती नोंद सात वर्षं ठेवायची होती.

"काढतो," मी म्हणालो.

"आज?"

"आजच."

"मग जावा. हितं माझ्यासंगं उभं ऱ्हाऊ नगा."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून उचलला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला. आम्ही निघालो. स्थानकाच्या फाटकापाशी आल्यावर माझे पाय थबकले. ती कुठल्या फलाटाकडे जाते ते पाहावं असं वाटलं.

"वळून बघू नका, सर," ताई शेजारून, ओठ न हलवता म्हणाल्या. "आपण कुणाकडे बघतो, ते माणसं बघतात."

मी वळलो नाही. साडेतीनच्या आत मी त्या मुलीचं नाव काढून टाकलं होतं; मूळ नोंदीतून आणि तिच्या दोन्ही राखीव प्रतींतूनही. शेवंता कुठल्या गाडीत बसली, हे आम्हाला कधीच कळलं नाही.